टिचबटणांचा जाड पडदा

मित्रांनो, मला कुणी पडदा म्हणतं, तर कुणी खिडकीवर टांगलेली गोधडी. दोन्ही खरं आहे. माझी एक बाजू खोलीकडे असते आणि दुसरी रस्त्याकडे. त्यामुळे घरातले लोक बाहेरच्यांबद्दल काय बोलतात आणि बाहेरचे घरातल्यांबद्दल काय बोलतात, हे दोन्ही मला ऐकू येतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात यातलं बरंचसं बोलणं संशयाचंच होतं.

मी जयपूरचा, मालवीय नगरातल्या एका तळमजल्यावरच्या घरातला. मला शिवलं प्रणिताने. तिचा नवरा विलास विमा कंपनीत अधिकारी. बदली झाली म्हणून ते तान्ह्या तनयाला, आपल्या मुलीला, घेऊन कराडहून राजस्थानात आले; या घरात मात्र नुकतेच आले होते आणि मागोमाग प्रणिताचे वडीलही आले. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत, तनयासुद्धा. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि जीभ जड झाली होती. दिवसाकाठी दोन-चार शब्द बोलत, तेही अर्धेमुर्धे.

अण्णांची कॉट खिडकीपाशी होती. खिडकीच्या काचा बसवलेल्या लाकडी झडपा वाकलेल्या, त्यांच्या फटींतून जानेवारीचं वारं सुरीसारखं आत यायचं. अण्णांचे पाय रात्रंदिवस गार. मग प्रणिताने मला शिवायला घेतलं. रस्त्याच्या बाजूला सांगानेरी छापाची विटकी चादर, मध्ये कसर लागलेलं कांबळं आणि खोलीच्या बाजूला तिच्या आईची दोन मऊ सुती लुगडी. आईने गोधड्या शिवल्या तशाच धावदोऱ्याने तिने मला शिवलं. खालच्या काठात वाळूची लांब नळी घातली, म्हणजे मी वाऱ्याने उडू नये. दोन्ही कडांना टिचबटणं लावली आणि त्यांच्या जोड्या चौकटीवर ठोकलेल्या पट्टीला. बटणं लावली की मी भिंतीला घट्ट चिकटून बसायचो. झडपांच्या फटींत तिने वर्तमानपत्राच्या घड्याही कोंबल्या.

पहिल्याच दिवशी अण्णांच्या पायांत ऊब आली. विलास म्हणाला, बाजारातल्या महागड्या पडद्यांनाही हे जमलं नसतं. मला फार बरं वाटलं.

समोरच्या घरात वीणा माथुर राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. हिवाळ्यात सकाळी त्या ओट्यावर खुर्ची टाकून उन्हाला बसायच्या. मी येण्याआधी अण्णा त्यांना खिडकीतून दिसत. त्या हात जोडत, अण्णा डावा हात उचलत. एवढीच त्यांची ओळख. मी आलो आणि म्हातारा माणूस दिसेनासा झाला.

प्रणिता सुरुवातीला मला रोज सकाळी उघडत असे, सूर्य मावळला की लावत असे. पण मला उघडलं की समोरून वीणाजींची नजर सरळ कॉटपर्यंत यायची. प्रणिताला ते खटकायला लागलं. परका गाव, परकी भाषा, आणि ही बाई आपल्या घरात काय शोधते? एक दिवस भांडी घासायला येणाऱ्या कलावतीने सांगून टाकलं की वीणाजी तिला विचारत होत्या, बाबूजींना पोटभर जेवण देतात ना, घरात कुणी ओरडत तर नाही ना.

प्रणिता तडक खिडकीपाशी आली. तिने माझी बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, आणि त्या दिवसापासून मी दिवसाही बंद राहिलो.

आता संशय दोन्हीकडून वाढला. ओट्यावरून वीणाजी शेजाऱ्यांना म्हणायच्या, भर दुपारी खिडकी बंद ठेवतात, काहीतरी लपवायचं असल्याशिवाय असं कोण करतं? आत प्रणिता विलासला म्हणायची, त्या बाईला आपल्याबद्दल काहीतरी पसरवायचंय. विलासने एकदा सुचवलं, तूच जाऊन भेट ना त्यांना. ती म्हणाली, मी का म्हणून जाऊ?

मध्ये अडकले होते अण्णा. दिव्याच्या पिवळ्या उजेडात ते माझ्याकडे बघत पडून राहत. तनया जवळ बसली की एक शब्द ते पुन्हा पुन्हा, अगदी हळू म्हणायचे, "ऊन... ऊन..."

तनया हिंदी शाळेत शिकणारी. तिथे ऊन म्हणजे लोकर. ती धावत जाऊन मफलर आणायची आणि त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळायची. अण्णा मान हलवायचे, ती कानटोपी आणायची. प्रणिता स्वयंपाकघरातून विचारायची, "काय म्हणतायत गं अण्णा?" आणि तनया सांगायची, "मम्मी, त्यांना वुलन पाहिजे, मतलब अजून गरम काहीतरी." मला ते ऐकून चुटपुट लागायची, पण पडद्याला तोंड कुठलं?

मग दाट धुक्याची लाट आली. एका रविवारी दुपार झाली तरी सूर्य दिसला नाही. तनयाच्या हट्टापायी विलास तिला घेऊन राजा पार्कच्या बाजारात गेला, अण्णांसाठी लोकरीचा जाड स्वेटर आणायला. ते गेले आणि वीज गेली. खोलीतला हीटर विझला. अण्णा कुडकुडू लागले.

प्रणिताने कोळशाची शेगडी काढली. व्हरांड्यात ठेवून पेटवली, धूर पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली, निखारे लाल झाल्यावर ती अण्णांच्या खोलीत आणली आणि दार लावून घेतलं. धूर नाही म्हणजे धोका नाही, असंच तिला वाटलं. खिडकीच्या फटी बुजलेल्या, दार बंद, आणि मी चौकटीला घट्ट चिकटलेलो.

खोली छान गरम झाली. अण्णांचा डोळा लागला. थोड्या वेळाने प्रणिताचं डोकं ठणकू लागलं. गारठ्यानेच दुखत असेल म्हणून तिने शेगडी जवळ ओढली. तिला मळमळू लागलं. पाणी आणायला उठायचं होतं, पण पाय उचलेनात. कॉटला टेकून ती खाली बसली आणि तिची मान छातीवर पडली.

मित्रांनो, जळत्या कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बाहेर जायला वाट नसली तर तो खोलीत साठतो आणि माणसाला झोपेतच गाठतो.

त्याच वेळी वीणाजी तिळाच्या गजकचा, म्हणजे कुरकुरीत वड्यांचा, डबा घेऊन रस्ता ओलांडत होत्या. गजक हे निमित्त. आज बाबूजींना आपल्या डोळ्यांनी पाहायचंच, असं ठरवून त्या निघाल्या होत्या. बाप-लेक बाहेर गेल्याचं त्यांनी पाहिलं होतं, प्रणिता शेगडी घेऊन आत गेल्याचंही पाहिलं होतं. वीज नव्हती, म्हणून घंटी वाजली नाही. त्यांनी दार ठोठावलं. उत्तर नाही. पुन्हा ठोठावलं. घरात असून उघडत नाहीत, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं पुटपुटत त्या माझ्या बाजूला आल्या आणि काचेवर थापा मारू लागल्या.

"प्रणिताजी, दरवाज़ा खोलिए. बाबूजी को देखे बिना मैं नहीं जाऊँगी."

आत कुणी हललं नाही. पण अण्णांच्या घशातून घरघर आली, आणि ती त्यांनी ऐकली.

वीणाजींनी स्टीलचा डबा काचेवर हाणला. काच फुटली. गजांमधून हात घालून त्यांनी मला पकडलं आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढलं. माझी बटणं पटापट सुटली, वरचे बंद फाटले, आणि मी काचांवर कोसळलो. त्यांच्या मनगटाचं रक्त माझ्या चादरीच्या बाजूला लागलं. बाहेरचं बर्फासारखं वारं, ज्याला अडवण्यासाठी मी जन्मलो होतो, ते माझ्यावरून धावत आत गेलं. मला आयुष्यात पहिल्यांदाच ते आवडलं.

वीणाजींच्या हाका ऐकून गल्लीतले लोक धावले. वाऱ्याने प्रणिताला थोडी शुद्ध आली. ती रांगत दारापर्यंत गेली आणि कडी काढली. लोकांनी अण्णांना उचलून व्हरांड्यात आणलं, मग दोघांनाही इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी प्राणवायू लावला. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती, असं ते म्हणाले.

घरी आल्यावर प्रणिता वीणाजींच्या ओट्यावर गेली. मी तेव्हा वाळायला बाहेरच्या दोरीवर होतो, म्हणून ऐकलं. वीणाजी आधी बोलल्या. "मैंने सोचा था आप उन्हें बंद करके रखती हैं."

प्रणिता त्यांच्या मनगटावरच्या पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बंद तो मैंने ही किया था. आपसे छुपाने के लिए."

 वीणाजींनी आतून दुसरी खुर्ची आणली.

अण्णांना दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात बसवलं तेव्हा धुकं विरलं होतं. त्यांनी तोंड वर केलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "ऊन." प्रणिताने ते जवळून ऐकलं. नवा स्वेटर तिच्या हातात तसाच राहिला. तनयाला तिने त्या शब्दाचा मराठी अर्थ सांगितला, तेव्हा पोरीचे डोळे भरून आले.

प्रणिताने मला पुन्हा शिवलं, पण वरून चार बोटं आखूड. फटींतले कागद काढले. शेगडी कलावतीलाही न देता मोडीत टाकली. आता सकाळी मला बाजूला सारतात, संध्याकाळी लावतात. दर उन्हाळ्यात मला ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवतात. वीणाजींचा स्वभाव मात्र बदललेला नाही. थंडी पडली की त्या येतात, माझ्या कडेखाली हात घालून फट चाचपतात आणि विचारतात, हवा येते ना? पूर्वी प्रणिता यावर रागावली असती. आता ती म्हणते, दुसरी बाजूही बघून घ्या.

मित्रांनो, घरातल्या जुन्या कपड्यांतून माझ्यासारखा पडदा जरूर शिवा. त्याला झटका, धुवा, फाटलं तर टाका घाला. दिवसा उघडा, रात्री लावा, आणि बंद खोलीत निखारे कधीही नेऊ नका. शेजारची एखादी खिडकी फार दिवस बंद दिसली, तर लांबून तर्क करत बसू नका, दार वाजवा. आणि माझ्यावर माया करा, पण थोडा संशयही ठेवा. थंडी अडवताना मी आणखी काय काय अडवतोय, ते माझं मला कळत नाही. ते तुम्हीच बघायला हवं.