मधली रेषा

चंपाबाई कप चिंचेनं घासायची. रामकिसननं तो राखेनं घासला आणि करुणा चिडली.

"बाबा, आई राख लावत नव्हती. बघा, चरे पडले ना!"

"मला कसं ठाऊक असणार? तिनं कधी हात लावू दिला का मला?"

लेकीनं कप त्याच्या हातातून काढून घेतला. चंपाबाई गेल्यापासून तीन महिन्यांत घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, आज बोललं ते कपावरून.

कप पितळेचा होता, वीतभर उंचीचा. त्यांच्या मुलाला, अभयला, तो फौजेत पलटणीच्या कबड्डीत चांगल्या चढाईसाठी मिळाला होता. कारगिलच्या लढाईत अभय गेला आणि त्याच्या पेटीतून कपड्यांबरोबर तो कप घरी आला. पुढच्या वर्षी गारखेड्याच्या मैदानावर पोरांनी त्याच्या नावानं सामने भरवले. तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला सामने होत आले. जिंकणारा संघ कप वर्षभर ठेवायचा आणि जानेवारीत परत आणून द्यायचा. चंपाबाई तो घासूनपुसून पदराखाली धरून मैदानावर न्यायची.

तिला सामन्यातलं फारसं कळायचं नाही. माईकवाला "शहीद अभय स्मृती चषक" म्हणायचा, ते ऐकायला ती जायची. पोराचं नाव वर्षातून एकदा सगळ्या वस्तीला ऐकू जायचं. एरवी ते फक्त त्यांच्याच घरात घेतलं जाई, तेही हळू आवाजात.

पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात मारामारी झाली होती. एकाचं डोकं फुटलं. पंच पळून गेले. तेव्हा चंपाबाई उठली, मैदानाच्या बरोबर मध्ये गेली आणि फक्कीनं आखलेल्या मधल्या रेषेवर फतकल मारून बसली.

"माझं पोर लढाईत गेलं," ती म्हणाली. "ते भांडण दोन देशांचं व्हतं. तुमचं कशाचं हाय रं, मेल्यांनो? हात मिळवा, मग उठते."

पोरांनी हात मिळवले. तोच पुढं रिवाज पडला. दोन्ही संघांनी मधल्या रेषेवर हात मिळवायचे आणि मगच कप द्यायचा. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ती रामकिसनला एवढंच म्हणाली होती, "कप आता तुम्ही द्या. पण हात मिळवल्याबिगर देऊ नका."

"व्हय," तो म्हणाला होता. आयुष्यभर तिला तो व्हयच म्हणत आला होता.

निजामाचं राज्य गेलं त्या साली रामकिसनचा जन्म झाला. चिकलठाण्याच्या कारखान्यात त्यानं उमर काढली. चंपाबाई त्याला चिडवायची, "तुम्ही अन् देश बरोबरीचे. देश तरणा होत चालला अन् तुमचे गुडघे गेले." ते खरंच होतं. आज मैदानावर रिक्षातून उतरून खुर्चीपर्यंत जायला त्याला करुणेचा खांदा लागला.

मैदानात यंदा मोठा मांडव होता. मोठे स्पीकर आणले होते. काकासाहेब समितीचे अध्यक्ष. मैदानाच्या कडेच्या प्लॉटांची जमीन एके काळी त्यांचीच होती. त्यांनी रामकिसनला हार घातला, शेजारी बसवलं आणि चंपाबाईंच्या आठवणीत एक मिनिट सगळ्यांना उभं केलं. माणूस वाईट नव्हता. अभयच्या नावाचा फलक दर वर्षी तेच स्वतःच्या पैशानं रंगवून घेत.

अंतिम सामना गारखेडा विरुद्ध वैजापूर असा होता. गारखेड्याचा कप्तान काकासाहेबांचा नातू विश्वजीत. वैजापूरचा गोकुळ म्हणून बुटका, रुंद छातीचा पोरगा, त्याची पकड मोडता मोडत नव्हती. सामना चांगला झाला. रामकिसनही दोन वेळा खुर्चीत पुढं सरकला. विश्वजीतच्या शेवटच्या चढाईवर गारखेड्यानं बाजी मारली. पोरांनी एकमेकांना उचललं, फटाके वाजले.

वैजापूरची पोरं मधल्या रेषेवर येऊन ओळीनं उभी राहिली. गारखेड्याची पोरं त्यांच्यासमोरून, मान ताठ ठेवून, एकामागून एक मांडवाकडं निघून गेली. एकानं मोबाईलवर ते सगळं टिपलं. गोकुळचा पुढं केलेला हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं तो चड्डीला पुसला.

"बघा मंडळी!" माईकवाला ओरडला. "आपल्या क्रिकेटवाल्यांनी पाकिस्तानसमोर करून दाखवलं, तेच गारखेड्याच्या वाघांनी केलं! हात नाही म्हणजे नाही! हा नवा भारत आहे!"

टाळ्या पडल्या. रामकिसनला आधी कळलंच नाही. करुणेनं कानात सांगितलं, तेव्हा त्यानं विश्वजीतला जवळ बोलावलं.

"का रे बाबा, हात का नाय मिळवला?"

"आजोबा, आता तशीच पद्धत हाय. टीव्हीवर नाय बघितलं का? शत्रूशी हात मिळवत नसत्यात."

"अरे, पण वैजापूर काय पाकिस्तान हाय का?"

आजूबाजूचे हसले. विश्वजीतही हसला, पण कानापर्यंत लाल झाला. "तसं नाय, आजोबा. पोरांचं ठरलं व्हतं. रील टाकायचीय. अन् हे तर अभयकाकांसाठीच केलं ना आम्ही."

रामकिसननं कप मांडीवर घट्ट धरला. "तो असता तर पहिला हात त्यानं मिळवला असता," असं त्याला म्हणायचं होतं. पण हे त्याला खरंच ठाऊक होतं का? अभयनं तिकडं काय पाहिलं, काय केलं, कुणाबद्दल त्याच्या मनात काय होतं, हे कुणीच येऊन सांगितलं नव्हतं. त्याला फक्त चंपाबाईचं ठाऊक होतं.

"हात मिळवा, मग कप देतो," तो म्हणाला.

काकासाहेब वाकले. हळू बोलले, पण शेजारच्यांना ऐकू गेलं. "रामकिसनभाऊ, पाहुणे बसलेत. पोरांचं मन मोडू नका. वहिनींची गोष्ट येगळी व्हती, त्यांचा मान व्हता. तुम्ही हट्ट धरला तर पोरं म्हणतील, पुढच्या साली दुसरं नाव द्या. शहीद काय एकच हाय का गावात? मग मला बोलता येणार नाय."

म्हणजे नाव जाणार होतं. रामकिसनला ते नीट कळलं. कप दिला तर अभयचं नाव राहील आणि चंपाबाईचा शब्द जाईल. नाही दिला तर शब्द राहील आणि ती जे ऐकायला पंचवीस वर्षं इथं येत होती, ते या मैदानावर पुन्हा कधी ऐकू येणार नाही. तिला विचारायची सोय नव्हती.

तो उठला. करुणा धरायला आली, तिला त्यानं मागं सारलं. कप छातीशी धरून तो मैदानाच्या मध्ये गेला. फक्की पायांनी पुसली गेली होती, तरी रेषा दिसत होती. तिथं तो आधी एका गुडघ्यावर टेकला, मग हात टेकून एकदम खाली बसला.

लोक माना उंचावून बघू लागले. जुन्या लोकांना चंपाबाई आठवली असेल, पण कुणी पुढं आलं नाही. विश्वजीत मांडवाच्या कडेला उभा होता. त्यानं एकदा रेषेकडं पाहिलं, एक पाऊल टाकलंही. मागून काकासाहेबांनी हाक मारली, "विश्वजीत, फोटोला ये!" तो वळला.

समितीकडं दुसरा कप होता, पाहुण्यांना द्यायला आणलेला, काचेचा. तोच गारखेड्याच्या पोरांना दिला. फोटो झाले, गाणं लागलं, मिरवणूक रस्त्याकडं गेली. जाताना माईकवाल्यानं सगळ्यांचे आभार मानले. अभयचं नाव त्यानं घेतलं नाही.

ऊन उतरलं. मांडववाले खुर्च्या गोळा करू लागले. रामकिसन अजून बसलाच होता, कारण त्याला उठता येत नव्हतं.

वैजापूरची जीप निघायची होती. गोकुळ उतरून परत आला.

"चला बाबा, लई वेळ झाला." त्यानं हात पुढं केला.

रामकिसननं तो धरला. तळवा खरखरीत होता, मातीनं भरलेला. एका बाजूनं करुणा, दुसऱ्या बाजूनं गोकुळ, असं करून त्याला उभं केलं.

"कप न्यायचा का तुला?" रामकिसननं विचारलं.

"आम्ही तर हरलो, बाबा."

"व्हय. ते बी खरं हाय."

घरी त्यानं कप चंपाबाईच्या फोटोशेजारी ठेवला. दिव्याच्या उजेडात राखेचे चरे स्पष्ट दिसत होते. करुणा म्हणाली, "बाबा, पँट काढा, मागून फक्कीनं सगळी पांढरी झालीय. धुऊन टाकते."

"राहू दे," तो म्हणाला आणि तसाच खाटेवर बसून राहिला.