गैरसोयीबद्दल दिलगिरी

आमचे भाऊजी बस स्थानकावर निवेदक आहेत. गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे ते सांगतात, आणि ती तिथे लागत नाही तेव्हा तेही तेच सांगतात. मी त्याच स्थानकात चौकशीच्या खिडकीत बसतो. त्यांनी सांगितलेलं लोक मला येऊन पुन्हा विचारतात. अशी आम्हा दोघांची नोकरी चालते.

भाऊजींचं खरं वैभव म्हणजे दिलगिरी. गाडी उशिरा असली की ते म्हणत, "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल स्थानक प्रशासन मनःपूर्वक दिलगीर असून आपल्या बहुमोल सहकार्याची नम्र अपेक्षा करीत आहे." एका दमात. वाक्य त्यांनी स्वतः जुळवलेलं. साहेब ते कापा म्हणाले, तेव्हा भाऊजींनी त्यात 'बहुमोल' घातलं.

मग त्यांना खोकला झाला आणि आवाज बसला. इतका झकास बसला की सगळे खूश. "काय खर्ज लागलाय, वा!" कँटीनवाला म्हणाला. भाऊजींनी लगेच गरम पाण्याच्या गुळण्या बंद केल्या. न जाणो, आवाज सुधारायचा!

पुढे थंडी वाजून ताप आला. तापाची गोळी घेऊन ते कामावर येत राहिले. पण घोषणा आखडत गेल्या. "गाडी उशिरा आहे," एवढंच. दिलगिरी गायब. प्रवासी सुखावले. साहेब स्वतः निवेदन कक्षात येऊन म्हणाले, "इतकी वर्षं सांगतोय, शेवटी ऐकलंत!" भाऊजींनी नुसती मान डोलावली. त्यांना बोलायला दम नव्हता. साहेबांना तो विनय वाटला. मलाही ही सुधारणाच वाटली.

ताईचं शिलाईचं दुकान स्थानकाला लागूनच आहे. नवऱ्याचं बोलणं दिवसभर कर्ण्यातून ऐकणारी जगातली ती एकमेव बायको असेल. त्या दुपारी ती गळ्यात टेप अडकवलेली तशीच निवेदन कक्षात घुसली. मीही खिडकी सोडून मागोमाग गेलो.

"तुमची दिलगिरी कुठे गेली?"

"साहेब म्हणाले... छोटं करा..."

"साहेबांचं तुम्ही कधीपासून ऐकायला लागलात? म्हणा बघू. पूर्ण म्हणा."

भाऊजी 'गैरसोयीबद्दल'पर्यंत पोचले. तिथे उजवी कूस दाबून धापा टाकत बसले. ओठ निळसर दिसत होते. ताई माझ्याकडे वळली. "आणि तू रे, चौकशीवाल्या? अख्ख्या गावाची चौकशी करतोस, शेजारच्या खोलीतल्या माणसाची केलीस का?"

मी टॅक्सी आणायला पळालो. त्या खिडकीत बसून मी इतका झटपट कधीच कुणाच्या उपयोगी पडलो नव्हतो.

इस्पितळात बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन पाहिला. तो बराच खाली होता. लगेच नाकावर मास्क चढला. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढराफटक होता.

"न्यूमोनिया आहे, जंतूंमुळे झालेला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फुफ्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. त्यात पू आणि पाणी भरलंय, त्यामुळे हवेला जागा नाही."

"म्हणजे गाडी फुल्ल," भाऊजी मास्कमधून पुटपुटले. "उतारू भलतेच बसलेत."

"बरोबर. त्यांना उतरवायला शिरेतून अँटिबायोटिक देतोय. बेडका तपासायला पाठवलाय, पण रिपोर्टची वाट बघत बसणार नाही. आणखी उशीर केला असतात तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. अर्धवट वाक्यांची मला त्या दिवसापासून धास्तीच बसली आहे.

ताई रात्रंदिवस उशाशी बसली. ती एरवी मिनिटभर गप्प बसत नाही. तेव्हा नुसती त्यांच्या छातीकडे बघत होती. अखेर घाम येऊन ताप उतरला. रिपोर्टही आला: दिलेलं औषध त्या जंतूंना लागू होतं. मास्क निघाला आणि भाऊजींनी पहिली तक्रार केली की चहा पाणचट आहे. ताई तोंडाला पदर लावून हसली, मग रडली, मग चहा खरंच पाणचट असल्याचं सिस्टरला सांगून आली.

घरी आल्यावर भाऊजींनी इस्पितळातून दिलेलं अँटिबायोटिक गोळ्यांचं पाकीट बाजूला सारलं. "आता ठणठणीत आहे मी. कशाला पोटात औषधं भरायची?"

"गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत नेतात," ताई पाण्याचा पेला पुढे करत म्हणाली, "की अर्ध्या वाटेत बरं वाटलं म्हणून ड्रायव्हर उतरून घरी जातो?"

"आमच्याकडे जातातही," भाऊजी म्हणाले. पण गोळी गिळली, आणि पुढच्याही, पाकीट संपेपर्यंत.

दुसऱ्या एक्स-रेनंतर डॉक्टरबाईंनी कामावर जायची परवानगी दिली. पहिल्याच दिवशी गाडी उशिरा होती. ते एक बरं झालं. कर्णा खरखरला. आवाज पुन्हा पूर्वीसारखा, जरासा चिरका.

"प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल..."

साहेबांनी कपाळाला हात लावला. माझ्या खिडकीशी एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, गाडी कधी येणार तेवढं सांगा ना!"

"थांबा हो," मी म्हणालो. "त्यांचं होऊ द्या."

ताई दुकानाच्या दारात येऊन उभी होती. तिचे ओठ हलत होते. 'मनःपूर्वक' गेलं, 'बहुमोल' गेलं. 'करीत आहे' कानावर पडलं तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. भाऊजींनी मध्ये एकदाही घेतला नव्हता.