चवीपुरत्या चुका

छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या त्या गृहस्थांना गटातले सगळे 'कानामात्रा' म्हणत. इतरांना नावं ठेवणाऱ्यांचा गट नव्हता हो तो. स्वतःलाच नावं ठेवणाऱ्यांचा होता! दर गुरुवारी दहा खुर्च्या गोल मांडायच्या आणि कोण स्वतःवर किती तोंडसुख घेतो ते ऐकायचं.

कानामात्रांचं दुखणं एका अक्षराचं. पाककृतींच्या पुस्तकात त्यांच्या नजरेखालून 'चवीपुरतं मीठ'चं 'चवीपुरतं पीठ' होऊन गेलं. दोन हजार प्रती! लोक हसले आणि विसरले. यांनी मात्र हाय खाल्ली. झोप उडाली, काम सुटलं. चार महिने घराबाहेर पडले ते फक्त या खुर्चीसाठी. आणि आज सकाळी छापखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला होता: 'सोमवारी येताय का? संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर दुसरा माणूस बघते.' त्या कामासाठी यांचा जीव तुटत होता. पण 'हो' लिहायला हात धजेना.

गट चालवणाऱ्या ताईंनी घरचा अभ्यास दिला होता. जिवलग मित्राला लिहावं तसं स्वतःला पत्र लिहा. कानामात्रांनी लिहिलं, आणि सवय कुठली जायला, लाल पेनानं तपासलंही! शेजारच्या बसड्रायव्हर काकांनी कागद ओढून घेतला.

"अहो, पत्र आहे का रक्तपात? आणि काट मारलेल्या शब्दांखाली ही टिंबं कसली?"

"म्हणजे काट चुकून पडली. शब्द होता तसाच राहू द्या, अशी खूण असते ती."

काकांनी चष्मा चढवला. "'निष्काळजी' खाली टिंबं. 'कुचकामी' खाली टिंबं. आणि 'तीस वर्षं जीव ओतून काम केलंस' यावर नुसती काट? वा रे न्याय! शिव्या तेवढ्या राखल्यात!"

कानामात्रा कागदाकडे बघतच राहिले. खरंच की! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या आणि ही ढळढळीत चूक दिसली नाही. त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. ताईसुद्धा डोळे पुसत हसत होत्या. काकांनी लाल पेन उचललं आणि त्या ओळीखाली टिंबं दिली. वेडीवाकडी, दोन तर भलत्याच ओळीत.

"जमलं का?"

"जमलं," कानामात्रा म्हणाले. त्यांनी फोन काढला, भराभर टाइप केलं आणि पाठवूनही दिलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

काका फोनमध्ये डोकावले. "अहो कानामात्रा, काना खाल्लात! 'सोमवरी येतो'!"

आता हे पुन्हा चार महिने घरात बसणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"असू दे," कानामात्रा म्हणाले.

तेवढ्यात मालकीणबाईंचं उत्तर आलं. ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, एकदा नाही, दोनदा: 'या लवकर. चवीपुरत्या चुका चालतील.'