ऐनाची तुळई

आमच्या ह्यांनी ऐनाचं लाकूड घेतलं तेव्हा लाकडी बंदरावरचे व्यापारी हसले, आणि खरं सांगायचं तर मीही हसले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. मुंबई कोणाच्या पदरात पडणार ते ठरलेलं नव्हतं, म्हणून जो तो पैसा आखडून बसला होता. कोणी कलकत्त्याला गुंतवत होतं, कोणी सोनं घेऊन ठेवत होतं. आणि ह्यांनी लालबागची वखार कोकणातल्या ऐनाने भरून टाकली. ब्रह्मदेशचं सागवान दुर्मीळ झालंय, मुंबई आपलीच होणार, मग घरं कशाने बांधणार, असं ह्यांचं म्हणणं.

मी गिरगावातल्या पाठारे प्रभूंची मुलगी. आमच्याकडे पाटसुद्धा सागवानी. "तुमचं लाकूड तुम्हालाच लखलाभ," मी सांगून टाकलं.

अडचण मंजुरीची होती. भार पेलायला इंजिनीअर लोक सागवानच धरत. ऐनाला एकदा मंजुरी मिळाली की पुढचा रस्ता मोकळा; नाहीतर वखारीला टाळं. लालबागच्या एका कामगार मंडळाने सभागृहात बायकांसाठी सज्जा बांधायला घेतला होता, तो ह्यांनी ऐनाच्या तुळयांवर उभा केला. तपासायला शरच्चंद्र राजाध्यक्ष इंजिनीअर येणार होते. सज्ज्यावर वाळूची पोती रचायची, तुळईखाली सुतळी ताणायची. तुळई वाकून सुतळीला टेकली की नापास.

नेमका त्याच दिवशी हरताळ पडला. पोत्यांच्या गाड्या शिवडीलाच अडकल्या. इंजिनीअर बिचारे दादरहून चालत आले, रिकाम्या सज्ज्याकडे पाहून म्हणाले, "आता दिवाळीनंतर बघू, कमलाकांतशेट."

मंडळ तोवर थांबणार नव्हतं. ते लोखंडी गर्डर टाकून मोकळं झालं असतं. ह्यांचा चेहरा उतरला. मी गंमत बघायला म्हणून बरोबर आले होते, पण तो चेहरा काही मला बघवेना.

बाहेर मोर्चा परतत होता. मंडळातल्या बायकांची पुढारी लक्ष्मी, मालवणकडची, गिरणीत कामाला जाणारी, आत डोकावली. काय झालंय ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, उद्या हय आमीच बसतलो. मग आजच बसान बघूया."

"माणसं म्हणजे पोती नव्हेत, बाई. काही झालं म्हणजे?"

"वर आमी, जोखीम आमची."

बायका धडाधड जिना चढू लागल्या. तेव्हा हे तुळईखाली जाऊन उभे राहिले. बंदरावरची ही जुनी रीत: नव्या तुळईवर पहिला भार चढतो तेव्हा लाकूड विकणारा तिच्याखाली उभा राहतो. मला ठाऊक होती ती, पण आपला नवरा उभा राहिला की रीत वेगळीच दिसते. मला रागच आला, त्या हसणाऱ्या व्यापाऱ्यांचा आणि त्यांच्याहून जास्त स्वतःचा. मी पदर खोचला आणि जिना चढले.

सज्जा गच्च भरला. इंजिनीअर खालून म्हणाले, "नुसतं उभं राहून भागणार नाही. हलता भार हवा."

लक्ष्मीने माझ्यापुढे हात केले. गिरणीतल्या बाईशी मी कधी फुगडी घातली नव्हती. तिच्या हाताला घट्टे होते आणि पकड अशी की सुटायचं नाव नको. जोडीजोडीने सगळा सज्जा घुमू लागला. फटींतून भुसा ह्यांच्या डोक्यावर पडत होता आणि हे मान वर करून बघत होते.

अखेर इंजिनीअरांनी हात वर केला. तुळई सुतळीला टेकली नव्हती. कागद काढून त्यांनी विचारलं, "मंजुरीत नाव घालायचंय. लाकूड कोणाचं?"

ह्यांनी तोंड उघडण्याआधी मी वरून, धापा टाकत म्हणाले, "आमचं."

"आमचा," लक्ष्मी म्हणाली. मग सगळ्याच बायका म्हणू लागल्या.

इंजिनीअरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे केसांतला भुसा झटकत म्हणाले, "लिहा साहेब. त्यांचं."