पाचव्या पिंपातली

मी लाल वाइन बोलतेय. पाचव्या पिंपातली, म्हणून जरा ऐटीतच. या घरच्या मळ्यातली द्राक्षं सालीबियांसकट टाकीत फसफसली, ती गाळून माझी रवानगी तळघरातल्या लाकडी पिंपात झाली. तिथे दहा पिंपं ओळीने उभी होती.

आमचे मालक बाबा. आजूबाजूचे वाइनवाले त्यांना नाकराज म्हणत. नुसतं बूच निघालं की कोणत्या वर्षाची वाइन, हे ते लांबूनच सांगत. त्यांची लेक हीच विद्या शिकून घरी परतली, पण सहा वर्षं तिच्या हातात फडकं नि झाडूच होता. "पिंपाला हात नको लावूस. तुझं नाक अजून तयार व्हायचंय," असं बाबा म्हणायचे. ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायची. चिवट पोरगी!

पिंपाच्या लाकडातून मी थोडी थोडी उडून जाते. वर पोकळी राहिली की हवा शिरते आणि वाइनचं व्हिनेगर होतं. म्हणून बाबा दर सोमवारी पिंपावर बोटं वाजवून बघत आणि आवाज पोकळ आला की काचेच्या मोठ्या बरणीतली राखीव वाइन वरून भरत. भरण्याआधी बरणीचा वास घ्यायचा, हा घरचा नियम होता.

एका सोमवारी बरणी अर्ध्यावर आली होती आणि आतली वाइन आंबली होती. बाबांनी झाकण काढलं, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "झकास!" पुढच्या क्षणी त्यांनी चौथ्या पिंपात तांब्याभर ओतलंसुद्धा.

पुढचा नंबर माझा होता. दोन वर्षं अंधारात दम धरून बसले, ती काय व्हिनेगर होऊन खिडकीच्या काचा पुसायला? पण मला ना हात, ना पाय.

"बाबा, थांबा!" लेक दारातून ओरडली. आंबूस भपकारा तिला तिथवर आला होता. "पुन्हा वास घ्या."

"आता तू मला शिकवणार?"

"मग चाखून बघा."

त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि उपड्या खोक्यावर मटकन बसले. "मला तो मोठा ताप आला ना, तेव्हापासून कसलाच वास येत नाही गं. आठ महिने झाले."

"आईला माहीत आहे?"

"तिने करपवलेलं मुकाट खातो. तिला वाटतं, मी सुधारलो." दोघं हसले, पण बाबांचे डोळे भरले होते. "आता तूच सांभाळ सगळं. मी घरी बसतो."

"घरी बसायचं नावच काढू नका," लेक म्हणाली. "वास मी घेईन. अक्कल तुमचीच लागणार आहे."

तिने चौथ्या पिंपावर खडूने भलीमोठी फुली मारली.

"बाकीच्या नऊंत मिसळलं तर कुणाला कळणार नाही," बाबा पुटपुटले.

"मला कळेल," ती म्हणाली. विषय संपला.

मला बाटलीत भरलं त्या दिवशी बाबांनी पहिला घोट घेतला. "आंबट, तुरट एवढंच कळतंय. बाकी तू सांग."

लेकीने ग्लासात नाक खुपसलं. "पिकलेली चेरी. ओलं लाकूड. आणि मागून हलकासा... तुमच्या जुन्या चामडी पट्ट्याचा वास."

"पट्ट्याचा? नक्की?" बाबा ताडकन उठले. "अगं, मग ही मळ्याच्या वरच्या उतारावरची द्राक्षं! ती सावकाश मुरतात. हिला अजून तीन वर्षं हात लावायचा नाही. लिही!"

तिने लिहिलं. तेव्हापासून मी मांडणीवर आडवी पडून आहे आणि तीन वर्षं तग धरायचाच, असं ठरवलंय. तुमच्या घरी आले तर घटाघटा पिऊ नका. आधी वास घ्या, आणि जो येईल तो शेजारच्याला मोठ्याने सांगा. त्याला तो येत असेलच असं नाही.