आपल्या वजनावर

पाना पुन्हा नटावरून निसटला आणि निरंजनच्या बोटांची सालं निघाली. तो गाडीखाली पोत्यावर उताणा पडला होता. गाडीचा मागचा भाग लोखंडी घोड्यांवर नीट टेकलेला, पुढच्या चाकांना विटांची अडण, मागची चाकं काढून भिंतीला लावलेली. तयारीत कुठे खोट नव्हती. फक्त हात ऐकत नव्हता. पाना नटावर बसवला की जोर लावायच्या आतच मनगट आपल्या लयीत हलायला लागायचं.

सिंचन खात्यात तो नकाशे काढायचा, कालव्यांचे आणि बांधांचे. केसाएवढी बारीक रेघ एका दमात ओढायचा, आणि साहेबलोक नव्या माणसांना ती रेघ मुद्दाम दाखवायचे. मग उजव्या हाताला कंप सुटला. औषधं सुरू झाली, मुदतीआधीच नोकरी सोडली. गेल्या वर्षी गाडी चालवणंही बंद झालं. उरली होती ती एवढीच गोष्ट, की गाडीचं काम घरी, स्वतःच्या हाताने करायचं. पुरानी बस्तीतल्या या अंगणात त्याने तिचे ब्रेक बदलले होते, क्लचची तार बदलली होती. दुसऱ्या कुणाला त्याने बॉनेटसुद्धा उघडू दिलं नव्हतं.

दिवाळीपासून गाडी मागून धडधडत होती. खड्डा आला की डिकीत कुणी हातोडा टाकल्यासारखा आवाज यायचा, आणि वळणावर मागचा भाग जरा उशिरा वळतोय असं वाटायचं. गाडी चालवायची आता देवश्री, त्याची बायको. निरंजन एक दिवस मागच्या सीटवर कान लावून बसला आणि उतरल्यावर त्याने निदान सांगितलं. मागचा ॲक्सल जिथे गाडीच्या अंगाला जोडलेला असतो, तिथले रबरी बुश गेले होते. मुठीत मावतील एवढे रबराचे गोळे, पण मागच्या चाकांचे निम्मे धक्के तेच पोटात घेतात.

बंगळुरूहून मुलीने, साक्षीने, नेहमीप्रमाणे हिंदीतच सल्ला दिला, की पापा, अब बेच दो. तो नवे बुश घेऊन आला आणि देवश्रीला म्हणाला, हे काम आपल्याच्याने झालं नाही तर गाडी विकूनच टाकू. बोलला सहज, पण देवश्री त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली होती.

आज रविवार. देवश्री आतून आली, वाकून गाडीखाली पाहिलं आणि परत आत गेली. कापूस आणि स्पिरिट घेऊन आली. त्याची बोटं पुसली, पट्टी बांधली. असू द्या, राहू द्या, असलं काही म्हणाली नाही. पुन्हा आत गेली आणि जुना सलवार-कुर्ता घालून, केसांना घट्ट फडकं बांधून बाहेर आली.

"सरका. मी जाते खाली."

"तुले जमन का?"

"तुमी सांगा. मी करते."

देवश्री सरकारी दवाखान्यात होती, हाडांच्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर. लग्नापासून निरंजन तिला तिथल्या फाटकापर्यंत सोडायचा, आधी सायकलवर, मग स्कूटरवर, मग या गाडीतून. फाटकाच्या आत काय चालतं ते त्याला ठाऊक नव्हतं. ती त्याला ड्यूटी म्हणायची, तोही ड्यूटीच म्हणायचा. येत्या मार्चअखेर ती निवृत्त होणार होती.

गाडीखाली जाण्याआधी तिने अंगणात एक धुतलेली चादर अंथरली. त्याच्या पेटीतला सगळा पसारा काढला, एकेक वस्तू पुसली आणि चादरीवर मांडली. आधी काय लागणार, मग काय, ते त्याला विचारून त्याच क्रमाने, मुठी त्याच्या बाजूला करून. निरंजनने इतकी वर्षं ती पेटी वापरली होती, पण आपली हत्यारं अशी कधी पाहिली नव्हती. मग ती पोत्यावर आडवी झाली आणि सरकत गाडीखाली गेली.

थोड्या वेळाने तिचा हात बाहेर आला. तळवा वर, बोटं किंचित वळलेली.

त्याने सतरा नंबरचा पाना अलगद तळव्यावर ठेवला. हात तसाच राहिला.

"असा नाही," खालून आवाज आला. "ठोकून द्या. हातात बसला पाहिजे. मले वर पाहा नाही लागलं पाहिजे."

त्याने पाना उचलला आणि तिच्या तळव्यावर ठोकला. बोटं मिटली, हात आत गेला.

हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. घरात ती भाजीवाल्याशी बोलायची, साक्षीवर रागवायची, देवापुढे पुटपुटायची. हा आवाज तसा नव्हता. त्यात राग नव्हता, लाडही नव्हता. आत टेबलावर कुणीतरी उघडं पडलेलं आहे आणि चुकायला जागा नाही, असा तो आवाज होता. निरंजन खाली बसला आणि आपोआप ताठ बसला.

मग काम सुरू झालं. हात बाहेर यायचा, तो ठोकून द्यायचा, हात आत जायचा. हळूहळू हात बाहेर यायच्या आधीच त्याला कळायला लागलं की आता काय लागेल. ठोकताना मनगट हलत नव्हतं, की हललं तरी त्या ठोक्यात विरून जात होतं, कुणास ठाऊक. रात्रभर तेलात मुरलेला नट कडकन आवाज करून सुटला, तेव्हा त्याच्याच अंगावर काटा आला. ती थांबली नाही, हसली नाही. पुढचा हात बाहेर आला.

ॲक्सल खाली घेताना ब्रेकची नळी ताणू देऊ नको, असं त्याने सांगितलं. ती "हव" म्हणाली आणि जॅक इतका सावकाश उतरवत गेली की निरंजनला श्वास सोडायचं भान राहिलं नाही. बुश ओढून काढायला त्याने आट्यांचा रॉड, पाइपाचा तुकडा आणि जाड वायसर यांची जुळणी करून ठेवली होती. नट फिरत गेला तसा गंजलेला बुश आपल्या खोबणीतून इंच इंच बाहेर आला, आणि तिने तो त्याच्या हातात दिला.

रबर मधोमध फाटलं होतं. आतली लोखंडी नळी बोट लावलं तरी इकडून तिकडे डुलत होती. देवश्री बाहेर सरकली आणि तिने त्या फटीत करंगळी घातली.

"खुबा बी असाच होते," ती म्हणाली. "झिजला का माणूस पाय टाकताना आवाज करते."

"तू तं रोजच पाहत असशील."

तिने बुश त्याच्या हातातून घेतला.

"आतलं मी कधी नीट पाह्यलंच नाही. माही नजर डॉक्टरच्या हातावर राह्यते. पुढे कोणतं हत्यार लागन, तेच पाहत राह्यली." तिने बुश उन्हात धरून फिरवला. "एवढंसं असते. अन् एवढं झेलते."

शेजारच्या मंदिरात कुणी घंटा वाजवून गेलं.

नवे बुश साबणाच्या पाण्याने ओले करून, बुशावरची खूण खोबणीवरच्या खुणेला लावून बसवले. दुपार कलली. ॲक्सल वर चढला, बोल्ट आरपार गेले. हात बाहेर आला, मोठा पाना मागत. निरंजनने पाना उचलला, पण दिला नाही.

"आता कसू नको, देवश्री. नुसता हातानं लाव. गाडी आपल्या वजनावर उभी राहू दे, मंग कस."

"काहून?"

"अधांतरी कसलं तं रबर पिळलेलंच राह्यते. गाडी खाली आली का फाटते."

तिने दोन्ही बोल्ट बोटांनीच फिरवून लावले.

"आमच्याकडे बी दुसऱ्याच दिवशी उभं करते पेशंटले," ती म्हणाली आणि बाहेर आली.

चाकं चढवली. खाली जाड फळ्या टाकून गाडी त्यांवर उतरवली, चाकांना पुढून-मागून विटा लावल्या. गाडी किंचित डोलली आणि आपल्या जागी बसली. देवश्री पुन्हा खाली गेली. यावेळी जागा कमी होती, तिचा चेहरा गाडीच्या पोटाला लागत होता. हात बाहेर आला. निरंजनने मोठा पाना ठोकून दिला. दोन्ही बोल्ट आवळले जाईपर्यंत तो चादरीजवळून हलला नाही.

सीटवर फडकं टाकून, मळक्या हातांनीच तिने गाडी बाहेर काढली. निरंजन मागे बसला. गल्ली संपली आणि सदर बाजाराकडचा नळासाठी खोदून ठेवलेला रस्ता आला. पहिला खड्डा, दुसरा, मग तो मोठा. गाडी खाली गेली, वर आली. मागून काही वाजलं नाही. आरशातून देवश्रीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नुसती मान हलवली. परत येताना ती मुद्दाम त्याच रस्त्याने आली.

घरी आल्यावर तो नळ उघडून बाजूला झाला. देवश्री हात धुऊ लागली. बोट अन् बोट, नखांच्या कडा, मग मनगट, मग कोपरापर्यंत. घाई नव्हती. असे हात धुताना त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. घरी ती पदराला पुसून मोकळी व्हायची.

नळ बंद झाला. ती वळली आणि ऑपरेशनला उभं राहावं तशी उभी राहिली, कोपरं दुमडलेली, हात छातीसमोर, बोटं वर, कशालाही न शिवता. पाणी कोपरांवरून ठिबकत होतं. तिच्या ते लक्षातही नव्हतं.

निरंजनने दोरीवरचा पंचा काढला, दोन्ही टोकांनी उघडला आणि तिच्यासमोर धरून उभा राहिला. पंचा थरथरत होता. देवश्रीने आपले हात त्यात ठेवले.