चार सह्या आणि अर्धा ख्लेबीचेक

मला एक जन्मजात खोड आहे. दुसऱ्याच्या टेबलावर काय आहे ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी आई याला भोचकपणा म्हणायची, मी चौकसपणा म्हणते. नोकरीत मात्र ही खोड कामाला आली. बावीस वर्षं मी कोशित्सेच्या आमच्या अर्थशास्त्र विभागाचं कार्यालय सांभाळते आहे. त्यातली शेवटची तीन वर्षं प्रादेशिक अर्थशास्त्राच्या संयुक्त पदवीच्या पायी गेली.

संयुक्त म्हणजे चार देश, चार विद्यापीठं आणि एकच प्रमाणपत्र. आमचं स्लोव्हाक, फिनलंडचं, इटलीचं आणि जॉर्जियाचं. कागदावर हे फार शोभून दिसतं. प्रत्यक्षात एकाचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, दुसऱ्याचं ऑक्टोबरात. एक तीसपैकी गुण देतो, एक शंभरपैकी, तर आमच्याकडे अक्षरं. ऑगस्टमध्ये इटलीत कुणी फोन उचलत नाही आणि जॉर्जियातून शिक्का आल्याखेरीज नुसत्या सहीला किंमत नाही. या चौघांना एका दोरीत ओवण्याचं काम माझं, बोझेना हुडाकोवाचं. पण खरं सांगते, मला हे आवडतं. चार घरच्या चार तऱ्हा बसल्या जागी बघायला मिळतात.

त्या मे महिन्यात चार मुलांची अंतिम परीक्षा आमच्याकडे होती. एक इटालियन, दोन जॉर्जियन आणि आमच्या पूर्वेकडच्या खोऱ्यातली यार्मिला पेत्रुश्कोवा. प्रत्येकानं समितीपुढे आपला प्रबंध मांडायचा, प्रश्नांना तोंड द्यायचं. मग मुलांना बाहेर काढून समिती ठरवणार आणि इतिवृत्तावर चारही विद्यापीठांच्या सह्या होणार. एक सही जरी अडली तरी पुन्हा पुढच्या वर्षी. यार्मिलाला पुढचं वर्ष परवडणारं नव्हतं. तिच्याच खोऱ्याच्या विकास कचेरीत एक जागा तिच्यासाठी राखली होती. पण तीस जूनपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती. दर आठवड्याला ती मला फोन करून तारखा विचारायची, त्यामुळे मला त्या पाठ झाल्या होत्या.

समितीचे अध्यक्ष आमचे डोसेंट साबोल. डोसेंट म्हणजे प्राध्यापकाच्या एक पायरी खाली, पण रुबाब दोन पायऱ्या वरचा. इटली आणि जॉर्जियाचे सदस्य पडद्यावर बसले होते. फिनलंडच्या प्राध्यापक ऐला वेस्तेरिनेन मात्र या वेळी पहिल्यांदाच जातीनं आल्या होत्या. आधीची दोन वर्षं त्याही पडद्यावरच असायच्या, आणि पडद्यावर टेबल दिसत नाही.

आमच्याकडे परीक्षा म्हटली की टेबल मांडलेलं असतं. पांढरी चादर, कॉफी, सोड्याच्या बाटल्या, घरची केकची कापं आणि ख्लेबीचेक. पावाचा तिरका काप, त्यावर बटाट्याचं सॅलड, हॅम, अंड्याची चकती आणि वर लोणच्याच्या काकडीचा तुकडा. ख्लेबीचेक नसलेली परीक्षा मी आयुष्यात पाहिलेली नाही. हे सगळं मुलंच आणतात, मी शिकत होते तेव्हाही आणत होती. आपण दिवसभर बसून ऐकणाऱ्या माणसांना उपाशी ठेवत नाही, एवढंच त्यामागे असतं. निदान मी तसं समजत होते.

सकाळी तीन मुलं झाली. वेस्तेरिनेनबाई उंच, हाडकुळ्या, केस आखूड. सगळं ऐकायच्या, वहीत लिहायच्या आणि मध्येच एक ख्लेबीचेक चवीनं खायच्या. मला बरं वाटलं. शेवटी यार्मिला आली. तिचा प्रबंध तिच्या खोऱ्यावरच होता. आमच्या प्रदेशाचं उत्पन्न कागदावर नेहमी तळाला असतं, तरी माणसं दिसतात तितकी गरीब नसतात. कारण अंडी, लोणची, डुकराचं मांस, लाकूडफाटा, छप्पर घालायला चार हात, हे सगळं एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतं आणि कुठेच नोंदलं जात नाही. तिनं दोनशे बारा घरं फिरून ते मोजलं होतं.

वेस्तेरिनेनबाईंनी एकच प्रश्न विचारला. हे देणं ऐच्छिक आहे असं तुम्ही लिहिता, पण एखाद्यानं ते थांबवलं तर काय होतं? यार्मिलानं तक्ते दाखवले, टक्केवारी सांगितली. उत्तर काही जमलं नाही, ते तिलाही कळलं. मान खाली घालून ती बाहेर गेली.

डोसेंटसाहेब मागे रेलून बसले. त्यांच्या ताटलीत चौथा ख्लेबीचेक होता.

"मी तर म्हणतो ए द्या," ते म्हणाले. "जिची आई अंड्याचं असं करते, तिला नापास करायचं म्हणजे पाप लागेल."

वेस्तेरिनेनबाईंचा हात तोंडाशी गेला होता, तो तिथेच थांबला. कुणाची आई, असं त्यांनी विचारलं. डोसेंटसाहेबांनी कौतुकानं सगळं सांगितलं. हे सगळं यार्मिलाच्या आईनं एकटीनं केलंय, पहाटेच्या बसनं तीन तबकं घेऊन आली बिचारी. बाईंनी अर्धा ख्लेबीचेक ताटलीत ठेवला, रुमालानं बोटं पुसली आणि पेनाला टोपण लावलं. ज्या उमेदवाराच्या घरचं आपण सकाळपासून खातोय, तिच्या इतिवृत्तावर मी सही करू शकत नाही, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. पडद्यावरचा इटालियन खो खो हसला, मग कुणीच हसत नाही हे पाहून गप्प झाला.

यार्मिलाच्या आईनं एकटीनं ते का केलं, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

दर वर्षी परीक्षेआधी पंधरा दिवस मी मुलांना एक यादी पाठवते. कॉफी किती, पाणी किती, माणसं सात, डोसेंटसाहेबांना कांदा नको. जुनीच फाईल, फक्त वर्ष बदलायचं. या वेळीही सवयीनं पाठवली, चौघांनाही, स्लोव्हाकमधून. इटालियनला आणि जॉर्जियनांना त्यातलं अक्षर कळलं नाही, त्यांनी ती सोडून दिली. कळलं एकट्या यार्मिलाला. तिला वाटलं, आपण यजमान, आपल्यालाच करायचंय.

दुपारच्या सुट्टीत डोसेंटसाहेबांनी मला खिडकीशी गाठलं. त्यांच्याकडे उपाय तयार होता.

"बोझेनाबाई, सांगून टाकू की विभागानं मागवलं होतं. मी आपलं काहीतरी बरळलो. विषय संपला."

"आणि आई खाली बसलीये, ती?"

"तिला फिनिश येतं का? की हिला स्लोव्हाक येतं?"

मोह झाला, नाही म्हणत नाही. कराराच्या चौदाव्या कलमात भेटवस्तूंना बंदी आहे आणि ते कलम मीच टाईप केलंय. चूक कळली तर मला या कामावरून काढायला ते पुरे होतं. पण दुसरीही गोष्ट होती. एका ख्लेबीचेकमध्ये या बाईला असं काय दिसलं, हे जाणून घेतल्याशिवाय मला राहवत नव्हतं. खोटं सांगितलं असतं तर ते विचारता आलं नसतं.

वेस्तेरिनेनबाई अंगणात लायलॅकच्या झाडाखाली बसल्या होत्या, स्वतःच्या थर्मासमधली कॉफी पीत. मी शेजारी बसले आणि विचारलंच. त्या रागावल्या नाहीत. त्यांच्याकडे परीक्षेच्या खोलीत फक्त पाण्याचा जग असतो म्हणे. एकदा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी धुरावलेला मासा पाठवला, तर त्यांच्या सहकाऱ्यानं तो चाळीस किलोमीटर गाडी चालवत जाऊन परत केला. "मुलगी लबाड आहे असं मला अजिबात वाटत नाही," त्या म्हणाल्या. "तिचा प्रबंध मला आवडला. पण प्रबंध आवडला की अंडं आवडलं, हे आता माझं मलाच सांगता येत नाही."

मग मी माझं सांगितलं. फोनवर यादी काढून ओळ अन् ओळ इंग्रजीत वाचून दाखवली. मला वाटलं आता तक्रार लिहितील. पण त्या पुढे झुकल्या. कांदा का नको? ही यादी कधीपासून? आधी कोण पाठवायचं? मी सांगत गेले आणि त्या विचारत गेल्या. भोचकपणात ही बाई माझी बहीण शोभली असती.

"कुणी टेबल मांडलंच नाही, असं कधी झालंय?"

"नाही. कधीच नाही."

"मग ते मनापासून मांडतात, हे तुम्हाला कसं कळतं?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला, माझ्यासारखीला, एकदाही पडला नव्हता, याची मला खरंच लाज वाटली. बाई उठल्या. सकाळी नऊला यार्मिलाला पुन्हा बोलवा म्हणाल्या, टेबल रिकामं ठेवा आणि समितीतल्या बाकीच्यांना ते मान्य आहे का विचारा. मला कामावरून काढावं असं मात्र त्यांनी कुठेच सुचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चादरसुद्धा काढली. नुसतं लाकूड आणि नळाच्या पाण्याचा जग. कॉफीविना डोसेंटसाहेबांचा चेहरा आंबलेला होता. यार्मिलाचे डोळे सुजलेले होते. तिला काय घडलंय ते मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं आणि तिची माफीही मागितली होती. ती फक्त म्हणाली होती, आईला नका सांगू.

वेस्तेरिनेनबाईंनी कालचाच प्रश्न विचारला. एखाद्यानं देणं थांबवलं तर काय होतं?

यार्मिलानं तक्त्यांची फाईल उघडली आणि पुन्हा मिटली.

"काल मावशीकडे गेल्यावर आईनं तबकं धुवायला काढली," ती म्हणाली. "परीक्षा कशी झाली, हे तिनं विचारलं नाही. उरलेल्यातला अर्धा ख्लेबीचेक कुणी टाकला, हे विचारलं. मग बराच वेळ एकेक जिन्नस आठवत बसली, काय बिघडलं असेल म्हणून."

तिनं फाईल बाजूला सारली.

"आमच्याकडे कुणी द्यायचं थांबलं, तर लोक म्हणतात, त्याची अडचण असेल. पण दिलेलं कुणी तसंच ठेवून गेलं, तर ते घर विसरत नाही. मी दोनशे बारा घरांना विचारलं, किती दिलं, किती मिळालं. कुणी कुणाचं नाकारलं, हे विचारलंच नाही. माझा प्रश्न चुकला. उत्तरं त्यामुळेच इतकी सरळ आलीत."

बाई बराच वेळ लिहीत होत्या. डोसेंटसाहेबांनी ए म्हटलं, बाई बी म्हणाल्या. प्रबंधात ही गोष्ट नाही, पण ती नाही हे निदान तिला कळलंय, असं त्यांचं म्हणणं. इटली आणि जॉर्जियाही बी म्हणाले. पडद्यावरच्या दोघांच्या सह्या, जॉर्जियाच्या शिक्क्यासकट, ईमेलनं आल्या आणि शेवटी वेस्तेरिनेनबाईंनी पेनाचं टोपण काढून सही केली. मी घड्याळ पाहून वेळ लिहिली, नऊ वाजून चाळीस मिनिटं. चौथ्या सहीची शाई वाळेपर्यंत मी फुंकर घालत होते, एवढी मी घाबरले होते.

यार्मिलाला अर्ज भरायला डोसेंटसाहेबांनी थांबवून घेतलं. बाईंची गाडी यायची होती, म्हणून मी त्यांना खाली सोडायला निघाले. पहारेकऱ्याच्या खोलीत यार्मिलाची आई बसली होती. मार्गिटा तिचं नाव. मांडीवर धुतलेली तबकं, डोक्याला रुमाल. आम्हाला पाहून ती उठली आणि मला बाजूला ओढलं.

"मॅडम, अर्धा ठेवला ती हीच का?"

मी मान हलवली.

"विचारा ना तिला. अंड्यात मीठ जास्त झालं होतं का?"

मी विचारलं. वेस्तेरिनेनबाई मार्गिटाकडे वळल्या.

"सांगा त्यांना, मीठ बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मी घाबरले होते."

मी तसंच्या तसं सांगितलं. मार्गिटाला ते काही पटलं नाही. खाण्याला कुणी घाबरतं का, असं पुटपुटत तिनं पिशवीत हात घातला. आमच्याकडे पाहुण्याला रिकाम्या हातानं धाडत नाहीत. तिनं रुमालात गुंडाळलेलं पुडकं काढलं आणि बाईंच्या पुढे धरलं. आत अक्रोड घातलेल्या केकची दोन कापं.

बाईंनी पुडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या काय विचारतायत ते मला कळलं.

"सही झाली आहे," मी म्हटलं.

त्यांनी पुडकं घेतलं. पिशवीत टाकलं नाही. तिथेच, उभ्यानं, गाडीचा हॉर्न वाजत असताना, त्यांनी दोन्ही कापं खाल्ली. सावकाश, रुमालावरचा चुरासुद्धा बोटानं टिपून. मार्गिटा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटचा घास गेला तसे तिचे खांदे खाली आले. रिकामा रुमाल तिनं परत घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि मग माझ्याकडे वळून, कालपासून पहिल्यांदाच, विचारलं.

"आणि आमच्या पोरीचं काय झालं?"